सहा बाटल्यांचे गणित

परदेशातील क्राफ्ट बिअर विमानाने घरी आणणे अवघड नाही. मात्र विमान कंपनी, सीमाशुल्क विभाग आणि राज्य सरकार या तिघांच्या मोजपट्ट्या वेगवेगळ्या आहेत, याचे भान हवे.

परदेशातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून काय निघणार, याविषयीचे कुतूहल मराठी घरांना नवे नाही. एके काळी चॉकलेटे, अत्तराच्या कुप्या आणि थोरल्यांसाठी स्कॉचची एखादी बाटली एवढ्यावर ते भागत असे. अलीकडच्या काळात या यादीत क्राफ्ट बिअरची भर पडली आहे. पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली आणि ताज्या, निरनिराळ्या चवींच्या बिअरशी येथील ग्राहकांचा परिचय होऊ लागला. जिभेला एकदा ही विविधता कळली, की बेल्जियम, जर्मनी किंवा अमेरिकेत गेलेल्या प्रवाशाला तेथील नामांकित बाटल्या खुणावू लागतात, हे ओघानेच आले.

मोह होण्याचे कारणही रास्त आहे. छोट्या कारखान्यांत मर्यादित प्रमाणात तयार होणारी ही बिअर बहुधा आसपासच्या भागातच विकली जाते. अनेकदा ती पाश्चरीकरण न करता बाटलीत भरलेली असते. स्कॉच जगातल्या कोणत्याही मोठ्या विमानतळावर मिळते. क्राफ्ट बिअरसाठी मात्र त्या गावीच जावे लागते. तिथवर गेलेला प्रवासी चार बाटल्या बरोबर घेण्याचा विचार करतो आणि मग प्रश्नांची मालिका सुरू होते. विमानात बिअर नेता येते का? किती? बाटली हवेत फुटणार तर नाही? मुंबईत उतरल्यावर सीमाशुल्क अधिकारी काय म्हणतील?

या प्रश्नांची उत्तरे गुंतागुंतीची वाटतात, याचे कारण ती एका जागी मिळत नाहीत. विमान कंपनीला सुरक्षेची काळजी असते, सीमाशुल्क विभागाला महसुलाची आणि राज्य सरकारला उत्पादन शुल्काची व दारूबंदी कायद्याची. तिघांचे नियम निरनिराळे असून एकाची परवानगी दुसऱ्याला बांधील नसते.

विमानाच्या दृष्टीने बिअर निरुपद्रवी

विमानातून मद्य नेण्यासंबंधीचे आंतरराष्ट्रीय नियम आगीच्या धोक्यावर आधारलेले आहेत. पेयातील मद्यार्काचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असल्यास ते प्रवासी सामानातून नेताच येत नाही. २४ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असल्यास प्रत्येक प्रवाशाला ५ लिटरची मर्यादा आहे आणि बाटल्या मूळ विक्रीच्या वेष्टनात असाव्या लागतात. व्हिस्की, रम, जिन यांचा समावेश या गटात होतो. २४ टक्के किंवा त्याहून कमी मद्यार्क असलेल्या पेयांना मात्र धोकादायक माल म्हणून कोणतेही बंधन नाही.

साध्या बिअरमध्ये मद्यार्क ५ टक्क्यांच्या आसपास असतो. बेल्जियममधील जड समजल्या जाणाऱ्या बिअर ८ ते १२ टक्क्यांपर्यंत जातात. म्हणजे अशा जड बिअरही २४ टक्क्यांच्या रेषेपासून पुष्कळ दूर राहतात. चेक-इन सामानात ती किती ठेवावी, याला आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांची मर्यादा नसून सामानाच्या अनुज्ञेय वजनाची आहे. अर्थात काही विमान कंपन्या स्वतःच्या अटी घालतात. विशेषतः भारतातील देशांतर्गत प्रवासात सरसकट ५ लिटरची मर्यादा सांगितली जाते. त्यामुळे तिकिटावरील कंपनीचा नियम आधी पाहून घेणे श्रेयस्कर.

हातसामानाची गोष्ट निराळी आहे. लंडनहून निघणारी विमाने द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ऑगस्ट २००६ मध्ये उघडकीस आला आणि त्यानंतर १०० मिलिलिटरहून मोठ्या पात्रातील द्रवपदार्थ सुरक्षा तपासणीतून नेण्यास जगभर बंदी आली. काही विमानतळांनी नव्या यंत्रांच्या साहाय्याने ही अट शिथिल केली असली, तरी प्रवासात मध्ये बदलावे लागणारे विमानतळ स्वतःचाच नियम लावते. गावातील दुकानातून घेतलेली बाटली म्हणूनच हातसामानात ठेवू नये. तपासणीनंतरच्या ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेली बाटली सीलबंद पारदर्शक पिशवीत, पावतीसह मिळते. ती पिशवी अखेरच्या मुक्कामापर्यंत उघडायची नसते. मध्ये विमान बदलायचे असेल, तर तेथील तपासणीत ही पिशवी चालेल का, हे खरेदीपूर्वीच दुकानात विचारावे. आणि एक गोष्ट: बरोबर आणलेले मद्य विमानात उघडून पिण्यास मनाई असते.

दोन लिटरचे माप

खरी मर्यादा येते ती भारतात उतरल्यावर. सीमाशुल्काच्या बॅगेज नियमांनुसार विमानाने येणाऱ्या प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येते. हा नियम मद्यार्क मोजत नाही, केवळ आकारमान मोजतो. व्हिस्की, वाइन आणि बिअर यांना एकच माप लागू आहे.

याचा परिणाम मोठा विचित्र होतो. ४० टक्के मद्यार्काची २ लिटर व्हिस्की आणणाऱ्याच्या बॅगेत सुमारे ८०० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. ५ टक्क्यांची २ लिटर बिअर आणणाऱ्याकडे तो जेमतेम १०० मिलिलिटर भरतो. आठपट फरक असूनही सवलत दोघांना सारखीच. बिअरच्या शौकिनाच्या दृष्टीने ही सवलत तोकडी आहे आणि म्हणूनच तिचा हिशेब नेमका करावा लागतो.

युरोपातील लहान बाटली ३३० मिलिलिटरची असते. अशा सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, माप जणू त्यांच्यासाठीच ठरवले असावे, इतके ते तंतोतंत बसते. अमेरिकेतील प्रमाणित कॅन मात्र १२ औंसांचा, म्हणजे ३५५ मिलिलिटरचा. दुकानात मिळणारा सहाचा संच तसाच उचलला, तर तो २.१३ लिटर भरतो आणि सहावा कॅन मर्यादेबाहेर जातो. मोठ्या, १६ औंसांच्या कॅनमध्ये ४७३ मिलिलिटर बिअर असते. असे चार बसतात. व्हरमाँट राज्यातील ‘द अल्केमिस्ट’ या ब्रुअरीची प्रसिद्ध ‘हेडी टॉपर’ याच मापाच्या कॅनमध्ये मिळते. कॅलिफोर्नियातील ‘रशियन रिव्हर’ची ‘प्लायनी द एल्डर’ ही तितकीच नावाजलेली बिअर ५१० मिलिलिटरच्या बाटलीत भरली जाते. तिच्या चार बाटल्या घेतल्या, की मर्यादा अवघ्या ४० मिलिलिटरने ओलांडली जाते. जर्मनीतील अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या मात्र बरोबर २ लिटर होतात.

या हिशेबात आणखी दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली अशी, की भारतात उतरल्यावर विमानतळावरील ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेले मद्यही याच २ लिटरमध्ये धरले जाते. बॅगेत सहा बाटल्या बिअर असताना काकांसाठी तेथून व्हिस्की उचलली, तर ती सवलतीच्या बाहेरची ठरते. दुसरी अशी, की एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही. पती-पत्नी एकत्र प्रवास करीत असतील तर प्रत्येकाला आपापले २ लिटर मिळतात. पण ते प्रत्येकाने आपापल्या सामानातून आणणे हेच बिनचूक.

२ लिटरहून अधिक मद्य आणणे हा गुन्हा नाही. ते दडवणे हा आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७७ नुसार सामानातील वस्तूंची घोषणा करणे ही प्रवाशाची जबाबदारी आहे. अधिक माल असलेल्याने हिरव्या मार्गिकेऐवजी लाल मार्गिकेतून जावे, बिल दाखवावे आणि वरच्या मालावरील शुल्क भरावे. मद्यावरील शुल्काचे दर आपल्याकडे चढे असल्याने साध्या बिअरसाठी हा सौदा क्वचितच परवडतो. न सांगता हिरव्या मार्गिकेतून निघालेल्याच्या बाबतीत माल जप्त होऊ शकतो आणि वर दंडही बसू शकतो.

चोवीस घेतल्या, सहा आणल्या

या नियमाची खरी कसोटी बेल्जियममध्ये लागते. तेथील बिअर संस्कृतीचा २०१६ मध्ये ‘युनेस्को’ने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. फ्रान्सच्या सीमेजवळील वेस्टव्लेटरेन गावात सिंट-सिक्स्टस हा ट्रॅपिस्ट मठ आहे. तेथील भिक्षू मठाच्या निर्वाहापुरतीच बिअर तयार करतात. मागणी वाढली म्हणून उत्पादन वाढवत नाहीत. त्यांच्या ‘वेस्टव्लेटरेन १२’ या १०.२ टक्के मद्यार्काच्या गडद बिअरची गणना रसिक जगातील सर्वोत्कृष्ट बिअरमध्ये करतात. ती मिळवण्यासाठी पूर्वी दूरध्वनीवरून आणि २०१९ पासून संकेतस्थळावरून आगाऊ नोंदणी करावी लागते. नफ्यासाठी ती पुन्हा विकू नये, अशी भिक्षूंची अपेक्षा असते.

ही बिअर लाकडी क्रेटमध्ये, ३३० मिलिलिटरच्या चोवीस बाटल्या अशी मिळते. चोवीस बाटल्या म्हणजे ७.९२ लिटर. एकटा भारतीय प्रवासी त्यातील सहाच बाटल्या शुल्काविना घरी आणू शकतो. उरलेल्या अठरा बाटल्यांचे काय करायचे, याचे उत्तर नोंदणी करण्यापूर्वीच शोधलेले बरे. या बाटल्यांवर अनेक वर्षे लेबलच नसे. सगळा तपशील झाकणावर छापलेला असे. असा माल आणताना बिल जवळ असणे अधिकच महत्त्वाचे ठरते. बाटलीत काय आहे आणि किती आहे, हे अधिकाऱ्याला कागदावरून दाखवता येते.

ब्रुसेल्समधील कँटिलोन या १९०० मध्ये स्थापन झालेल्या ब्रुअरीची ‘ग्वेझ’ आणायची झाल्यास गणित पुन्हा बदलते. हवेतील नैसर्गिक यीस्टने आंबवलेली आणि लाकडी पिंपांत मुरवलेली ही आंबट बिअर ७५० मिलिलिटरच्या बाटलीत मिळते. अशा दोनच बाटल्या बसतात आणि अर्धा लिटर शिल्लक राहतो. त्यात ३३० मिलिलिटरची आणखी एक बाटली मावते. थोडक्यात, कोणती बिअर घ्यायची हे ठरवण्याआधी बाटलीचे माप वाचावे लागते.

बाटली फुटते कशाने?

उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने बिअरची बाटली फुटते, असा समज सर्रास आढळतो. त्यात तथ्य फारसे नाही. प्रवासी विमानाचा सामानकक्षही प्रवासी कक्षाप्रमाणेच दाबनियंत्रित असतो. उड्डाणात तेथील दाब जमिनीवरच्या दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांशापर्यंत उतरतो, त्याखाली नाही. बिअरमध्ये विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खोलीच्या तापमानाला बाटलीच्या आत बाहेरच्यापेक्षा दुपटी-तिपटीने अधिक दाब असतोच आणि काच तो सोसण्यासाठीच बनवलेली असते. उंचीमुळे त्यात पडणारी भर किरकोळ असते. बाटलीतील दाब वाढवण्याचे काम खरे तर उष्णता करते. उन्हाळ्यात धावपट्टीलगतच्या गाडीवर तापत पडलेली बॅग ही उड्डाणापेक्षा अधिक काळजीची बाब आहे.

बहुतेक बाटल्या फुटतात त्या आपटल्याने. बॅग पट्ट्यावरून घसरते, गाडीत फेकली जाते, तिच्यावर दुसरी जड बॅग येऊन पडते. काचेवर काच आदळली की तडा ठरलेला. म्हणून दोन बाटल्या एकमेकींना कधीही टेकू नयेत. प्रत्येक बाटली आधी घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालावी, म्हणजे फुटलीच तर कपडे वाचतात. मग ती जाड मोज्यात, टॉवेलमध्ये किंवा स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेच्या मध्यभागी ठेवावी. कडा, कोपरे आणि चाकांलगतची जागा टाळावी. आघात तेथेच बसतात. बॅग उचलून हलवल्यावर आत काही सरकल्याचे जाणवले, तर बांधणी अपुरी आहे असे समजावे. ‘नाजूक’ असे लेबल लावून घेण्यास हरकत नाही. पण त्यावर विसंबू नये. नाजूक वस्तूंच्या नुकसानीची जबाबदारी विमान कंपन्या साधारणपणे स्वीकारत नाहीत.

कॅन असल्यास काम सोपे होते. ३३० मिलिलिटरचा भरलेला कॅन सुमारे ३५० ग्रॅमचा, तर तेवढीच बिअर असलेली काचेची बाटली अर्ध्या किलोहून अधिक वजनाची असते. सहा कॅन दोन किलोंच्या आसपास, तर सहा बाटल्या तीन किलोंच्या वर जातात. कॅन फुटत नाही, मात्र टोकदार वस्तूने त्याला छिद्र पडू शकते. ब्रुअरीत नळावरून भरून मिळणारा ‘ग्राउलर’ हा मोठा जग मात्र विमानप्रवासाला नेऊ नये. त्याचे झाकण कारखान्यातील बाटलीइतके घट्ट नसते, तो मूळ सीलबंद वेष्टनात धरला जाईलच असे नाही आणि आतील बिअर दोन-चार दिवसांतच उतरते.

सगळ्याच बिअर प्रवास सोसत नाहीत

सवलत सहा बाटल्यांची असेल, तर त्या सहा नीट निवडल्या पाहिजेत. बिअरचे तीन शत्रू सांगितले जातात: उष्णता, प्रकाश आणि प्राणवायू. हॉप्सच्या ताज्या, फळासारख्या गंधासाठी प्यायली जाणारी ‘आयपीए’ या तिन्हींपुढे लवकर हार मानते. ती काही आठवड्यांत प्यायची असते. महिनाभर सुटकेसमध्ये फिरून आणि मे महिन्यात मुंबईच्या फळीवर राहून ती फिकी पडते. असे कॅन आणायचेच असल्यास परतीच्या आदल्या दिवशी घ्यावेत, तळावरील भरल्याची तारीख पाहावी आणि घरी पोहोचताच शीतकपाटात ठेवावेत.

याउलट मद्यार्काचे प्रमाण अधिक असलेल्या, गडद, बाटलीतच पुन्हा आंबवलेल्या बेल्जियन बिअर प्रवासाला खंबीर असतात. बाटलीतील जिवंत यीस्ट उरलेला प्राणवायू बराचसा वापरून टाकते. अशा बिअर वर्ष-दोन वर्षे मुरल्यावर अधिक रुचकर लागतात, असे मानणारा मोठा वर्ग आहे. ग्वेझसारख्या आंबट बिअर तर अनेक वर्षे टिकतात. जर्मनीतील बाम्बर्गची ‘श्लेंकेर्ला’ ही बीच लाकडाच्या धुरावर सुकवलेल्या माल्टची बिअर याबाबतीत मध्यम म्हणावी लागेल. तिचा धुरकट स्वाद दमदार असतो. तथापि मद्यार्क ५ टक्क्यांच्या आसपासच असल्याने फार काळ साठवण्यात अर्थ नाही.

बाटलीच्या रंगालाही अर्थ आहे. प्रकाशामुळे हॉप्समधील कडू घटकांचे विघटन होऊन गंधकयुक्त दुर्गंध निर्माण होतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्याच अंशी अडवते. हिरवी काच कमी अडवते आणि पारदर्शक काच जवळपास नाहीच. दुकानाच्या काचेच्या दालनात, दिव्याखाली मांडलेली हिरवी बाटली म्हणूनच टाळावी.

मुंबईच्या पुढे

सीमाशुल्काच्या दारातून बाहेर पडले म्हणजे प्रवास संपला, असे नसते. मुंबईहून नागपूर, इंदूर किंवा बंगळुरूचे विमान पकडायचे असेल, तर ड्यूटी फ्रीची सीलबंद पिशवी देशांतर्गत तपासणीत अडू शकते. सामान पुन्हा जमा करण्यापूर्वीच बाटल्या चेक-इन बॅगेत नीट बांधून ठेवाव्यात.

पुढचे विमान कोणत्या राज्यात उतरणार, हेही पाहावे लागते. भारतात मद्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. सीमाशुल्काची सवलत म्हणजे दारूबंदीच्या राज्यात मद्य नेण्याचा परवाना नव्हे. गुजरातमध्ये स्थापनेपासून दारूबंदी आहे. बिहारने ती २०१६ मध्ये लागू केली. मुंबईत उतरून अहमदाबादला जाणाऱ्याने बॅगेतील बाटल्यांचा विचार आधीच करावा. महाराष्ट्रातही दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्य बाळगण्यास व प्राशन करण्यास परवाना लागतो, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. राज्यात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे.

गोव्याहून परतणाऱ्यांचा गोंधळ याच मुद्द्यावर होतो. गेल्या काही वर्षांत गोव्यातही क्राफ्ट बिअर तयार होऊ लागली असून ती पर्यटकांना आवडते. गोव्याहून मुंबईचा प्रवास देशांतर्गत असल्याने सीमाशुल्काचा प्रश्न नाही आणि विमान कंपनीलाही चेक-इन बॅगेतील चार कॅनबद्दल तक्रार नसते. परंतु त्या कॅनवरील कर गोवा सरकारला मिळालेला असतो, महाराष्ट्राला नव्हे. महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क न भरलेले मद्य राज्यात आणणे येथील कायद्याला मान्य नाही. विमान कंपनीने सांगितलेली ५ लिटरची मर्यादा ही विमानापुरती आहे. ती राज्याची परवानगी समजणे चुकीचे ठरते. सहलीवरून परतणाऱ्या अनेकांची गफलत नेमकी येथेच होते.

घरी आल्यावर

प्रवासातून आलेली बिअर लगेच उघडण्याची घाई करू नये. बाटलीच्या तळाशी यीस्टचा साका असेल, तर तो हिंदकळून वर आलेला असतो. बाटली दोन-तीन दिवस अंधाऱ्या, थंड जागी उभी ठेवली की साका खाली बसतो. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्यावा, म्हणजे पेला स्वच्छ दिसतो. एकदा थंड झालेली बिअर पुन्हा सामान्य तापमानाला आली म्हणून बिघडत नाही. तिला बिघडवते ती दीर्घकाळची उष्णता. गडद, तीव्र बिअर बर्फासारखी गार करूनही पिऊ नये. अति थंडीत तिचे निम्मे स्वाद दबून जातात आणि मग एवढ्या लांबून आणण्याचे प्रयोजनच उरत नाही.

कायदा बदलून बिअरला वेगळे माप मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत प्रवाशाच्या हाती राहतात त्या सहा लहान बाटल्या किंवा चार मोठे कॅन. दुकानात उभे असताना ही मर्यादा जाचक वाटते खरी. पण जी बिअर पुण्या-मुंबईत मिळत नाही, जी प्रवासात टिकते आणि जी चार जणांत वाटून चाखण्याजोगी आहे, तेवढीच घ्यायची असे ठरवले, तर दोन लिटरही पुरतात. बिल पाकिटात असावे, बाटल्या मोज्यांत असाव्यात आणि मापाची बेरीज दुकानातच झालेली असावी. एवढे केले, तर हिरव्या मार्गिकेतून निःशंक मनाने बाहेर पडता येते.